वीरधवलच्या वाढदिवसाची सीडी

नातवाचा पहिला वाढदिवस आपल्या दारात करायचा, हे बनुबाईनं तो जन्मला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. झाला तो कडेगावकडं, सुनेच्या माहेरी.

तसं पाहिलं तर त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. अंकिताचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं. हिवाळ्यात ती बाळाला घेऊन मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या सासरी आली. बनुबाईचा लेक जयराज तेव्हा सुट्टीवर होता. त्यानं लेकाला महिनाभर छातीवर झोपवलं आणि तो पुन्हा अरुणाचलात आपल्या पलटणीकडं गेला. पावसाळा तोंडावर आला तशी अंकिताची आई रंगुबाई जीप घेऊन दारात हजर झाली.

"ईनबाई, तुमच्याकडं पावसाळ्यात भित्ती घाम गाळत्यात. लेकराला सर्दी व्हईल. दसऱ्यापातूर नेते दोघांना."

बोलणं खोटं नव्हतं. मेढ्याच्या डोंगरात आषाढ-श्रावणात दोरीवरचं धडुतं चार-चार दिवस वाळत नाही. बनुबाईचा नवरा जोतीराम म्हणाला, "न्हेऊ द्या, उनाचं ऱ्हाईल पोर." बनुबाईनं मान डोलावली, लेकराला काजळाची तीट लावली, आणि जीप वळणाआड गेल्यावर गोठ्यात जाऊन म्हशीवर उगाचच खेकसली.

रंगुबाईबद्दल तिच्या मनात काय होतं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. रंगुबाईच्या रानात कालव्याचं पाणी होतं, बारा महिने ऊस होता, घरावर स्लॅब होता. या गोष्टी बनुबाईनं लग्न ठरवतानाच पाहिल्या होत्या आणि चार बायकांत मिरवल्याही होत्या. पण आता त्या स्लॅबखाली आपला नातू रांगत होता. तो बसायला लागला ते फोनवर कळलं. रांगायला लागला ते फोनवर कळलं. दर फोनला रंगुबाई मागून ओरडायची, "सांग गं सासूला, माझ्याबिगर झोपत न्हाई म्हनावं!" अंकिता हसून सांगायची. बनुबाईही हसायची आणि त्या दिवशी तिच्या हातची भाकरी हमखास करपायची.

वाढदिवस दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आला, म्हणून तो करूनच पाठवते म्हणत रंगुबाईनं दोघांना ठेवून घेतलं. बनुबाई आणि जोतीराम साताऱ्याला एसटी बदलून, कऱ्हाडला पुन्हा बदलून, दिवेलागणीला पोहोचले. दारात मांडव, फुगे, वीरधवलच्या फोटोचा मोठा फलक. अंकिताचा भाऊ इंद्रजित नवाकोरा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून फिरत होता. बनुबाईनं पिशवीतून स्वतः शिवलेलं टोपडं काढलं आणि हात पुढं केले.

"ये रं माज्या राजा, ये."

रंगुबाईच्या कडेवरच्या वीरूनं तिच्याकडं पाहिलं. त्याचा खालचा ओठ पुढं आला, तोंड वासलं गेलं, आणि असा टाहो फोडला की मांडवातली माणसं वळून बघायला लागली. मग त्यानं रंगुबाईच्या मानेत तोंड खुपसलं. त्याच घटकेला इंद्रजितच्या कॅमेऱ्याचा उजेड लखकन चमकला.

"वळख न्हाई वो अजून," रंगुबाई म्हणाली. "व्हईल सवय."

ती वाईट मनानं म्हणाली नव्हती. पण आपल्याच रक्ताच्या लेकराची सवय व्हायची आपल्याला? बनुबाईनं टोपडं परत पिशवीत कोंबलं, आत जाऊन सरबताचा ट्रे उचलला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी अंकिता बाळाला घेऊन त्यांच्याबरोबर सासरी निघाली. निघताना इंद्रजितनं कॅमेराच तिच्या हातात दिला. "ताई, आमचा कॉम्प्युटर बसलाय. मेढ्यात कुठंतरी फोटो उतरवून सीडी करून घे. कॅमेरा मी भाऊबीजेला आल्यावर नेतो." शेजारच्या गावचा विश्वजित जयराजच्याच पलटणीत होता आणि त्याची सुट्टी संपत आली होती. सीडी त्याच्या हाती द्यायची, म्हणजे जयराजला लेकाचा वाढदिवस बघायला मिळेल, असं सगळं ठरलं.

विश्वजित निघायच्या दिवशीच वीरूला ताप आला. जोतीराम भातकापणीत अडकलेला. मेढ्याचा बाजारही त्याच दिवशी होता, म्हणून बनुबाईच निघाली. कॅमेरा आणि त्याची वायर टॉवेलात गुंडाळून अंकितानं पिशवीत ठेवली.

"आत्याबाई, सगळे फोटो टाकायला सांगा बरं का. आणि सीडी विश्वजितभावजींच्याच हातात द्या."

"आगं व्हय. यवडं कळतंय मला."

बाजारपेठेत किराणा दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर सेंटर होतं. झेरॉक्स, दाखले, परीक्षांचे फॉर्म, असलं सगळं तिथं व्हायचं. क्रांती नावाची, नुकतीच कॉलेज संपवलेली मुलगी ते चालवायची. तिनं वायरचं एक टोक कॅमेऱ्यात घातलं, दुसरं कॉम्प्युटरच्या डब्यात. पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्यात एका पिवळ्या पाकिटातून दुसऱ्या पाकिटात कागद उडत जायला लागले आणि खाली हिरवी पट्टी हळूहळू भरायला लागली.

"ह्ये काय उडतंय?" बनुबाईनं विचारलं.

"तुमचे फोटो, काकी. कॅमेऱ्यातनं इकडं यायला लागलेत."

पट्टी भरली, चौकट मिटली. "आले सगळे," क्रांती म्हणाली. "बघायचेत का?"

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या काचेत बनुबाईला काही धड दिसलं नव्हतं. ती स्टूल ओढून बसली. "बघू तरी."

पहिला फोटो पडदाभर उघडला. केकसमोर वीरू, आणि त्याला धरून हिरव्या पैठणीतली रंगुबाई. दुसऱ्यात रंगुबाई त्याला केक भरवत होती. तिसऱ्यात तो तिच्या खांद्यावर पेंगला होता आणि त्याची लाळ तिच्या पदरावर उतरली होती. पुढच्यात दोघं गालाला गाल लावून हसत होते. क्रांती बटण दाबत होती, आणि दर दाबणीला ती हिरवी साडी नव्यानं समोर येत होती. बनुबाईच्या काळजाला इंगळ्या डसायला लागल्या. तिथं मांडवात एवढं दिसलं नव्हतं. तिथं ती ट्रे घेऊन फिरत होती. इथं मात्र कुणीतरी तिला धरून बसवलं होतं आणि बघ, नीट बघ, म्हणत होतं.

मग तो फोटो आला. एका बाजूनं बनुबाईचे पुढं केलेले हात, चेहऱ्यावर हसू. दुसऱ्या बाजूला रंगुबाई. मधे वीरू, बनुबाईकडं पाठ करायच्या बेतात, तोंड उघडं, डोळे मिटलेले, एका मुठीत रंगुबाईचा पदर घट्ट धरलेला.

क्रांतीनं बटणावरचा हात थांबवला. "विहीणबाई का या तुमच्या?"

"कशावरनं?"

"तुम्ही बघताय, त्यावरनं."

क्रांतीनं घसा साफ केला. "काकी, सीडीवर सगळेच टाकू, का निवडून?"

निवडून. हा शब्द बनुबाईला पेठेत ठेच लागून पायाशी बंदा रुपया सापडावा तसा सापडला. तांदूळ निवडतात, डाळ निवडतात. फोटो निवडायला काय हरकत?

"निवडून टाक," ती म्हणाली. "ही बाई नगं."

"कोणती?"

"ही हिरव्या लुगड्यातली. ही असंल तेवढं सोड."

क्रांतीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक सोडला, दुसरा सोडला, तिसरा सोडला. थोड्या वेळानं ती वळली. "काकी, बाळ पण जातंय की हो सगळं."

"असतील की दुसरं. बघ फुडं."

पुढं केक होता. फुगे होते. पंगतीत जेवणारी माणसं होती, मिशीला श्रीखंड लागलेला इंद्रजित होता, सरबताचा ट्रे धरून कॅमेऱ्याकडं बघणारी एकटी बनुबाई होती. वीरू नव्हता. तो एकटा असा कुठं नव्हताच. चार-पाच महिने ज्या कडेवर काढले, ती कड सोडून त्या गर्दीत तो जाणार कुठं?

"एखाद्यातनं कापून निघंल का? बाळ ठिवायचं, बाई काडायची."

क्रांतीनं त्यातल्या त्यात बरा फोटो घेतला. पडद्यावर ठिपक्यांची चौकट ओढली, आणि रंगुबाईचं तोंड, खांदा, अर्धी पैठणी, सगळं नाहीसं झालं. वीरू उरला, एका अंगाचा थोडा कान कापलेला. आणि त्याच्या पोटाभोवती पाटल्या घातलेला एक हात उरला.

"हात हाय की अजून," बनुबाई म्हणाली.

"हात काढला तर बाळ पडंल, काकी."

बनुबाई त्या हाताकडं बघत राहिली. खाली बाजारात कोथिंबीरवाला ओरडत होता. "ऱ्हाऊ दे तसाच," ती शेवटी म्हणाली.

क्रांतीनं चकती यंत्रात घातली. ती तयार होईपर्यंत तिनं सवयीनं विचारलं, "कॅमेऱ्यातलं पुसू का? पुढच्याला जागा मोकळी होते, लोक पुसायलाच सांगतात."

नको म्हणणं सोपं होतं. कॅमेऱ्यात फोटो राहिले असते, इंद्रजितनं परत नेले असते. बनुबाईला ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती म्हणाली, "पूस."

एसटी स्टँडवर विश्वजित ट्रंकेवर बसून होता. सीडी त्यानं छातीशी, वर्दीच्या आतल्या खिशात ठेवली. "काकी, जया दर फोनला इचारायचा, फोटो आलं का, फोटो आलं का. आता पार्टी घेतो त्येच्याकडनं." बनुबाईच्या तोंडात आलं होतं, की जरा थांब बाबा, एकदा त्या माडीवर जाऊन येते. तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली आणि माणसांचा लोंढा दाराकडं धावला.

घरी अंकितानं विचारलं, "सगळे आले ना?"

"चांगलं चांगलं घेटलं निवडून," बनुबाई म्हणाली आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावरची पट्टी बदलायला बसली. त्या आजारपणात वीरू पहिल्यांदा तिच्या मांडीवर झोपला. अंगात त्राण नव्हतं म्हणून असेल, पण झोपला. मग ताप उतरला तरी तो तिच्याकडं यायला लागला. आधी गुळाच्या खड्यासाठी, मग कोंबड्या दाखवायला नेते म्हणून, मग असाच. बनुबाई सुखावली. रंगुबाईचा फोन आला की ती मुद्दाम लेकराला मोठ्यानं हसवायची.

दिवाळी झाली. इंद्रजित भाऊबीजेला येऊन कॅमेरा घेऊन गेला. आणि एका दुपारी जयराजचा फोन आला. फोन लागण्यासाठी त्याला चौकीवरून बराच डोंगर उतरून यावं लागायचं, त्यामुळं घरातली सगळी कामं टाकून फोनभोवती जमायची.

"आई, सीडी मिळाली गं," तो म्हणाला. आवाजात उत्साह नव्हता. "टीव्हीच्या खोलीत समदी पोरं जमवली म्या. म्हनलं, या, माजं पोरगं बगा. केक बगितला, फुगं बगितलं, मेव्हन्याचं जेवान बगितलं. पोरं म्हनाय लागली, गड्या, पोरगं कुठाय? योक फोटो हाय, त्येबी कापल्याला. कुनाच्या तरी हातात हाय, त्या बाईला तोंडच न्हाई."

बनुबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, दात आलं का गं त्येला? त्या फोटोत तोंड मिटल्यालं हाय, दिसत न्हाई."

"आल्यात की. आल्यात बाबा."

"तुजा मातुर योक लय झ्याक हाय. ट्रे घिऊन हुबी. त्यो म्या छापून घिऊन पेटीच्या झाकनाला आतनं चिकटवलाय."

तिनं फोन सुनेच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. लेकाच्या पेटीत आता आपण होतो. एकट्या, जशा पाहिजे होतो तशा. पण त्याचा आनंद कसा तो होईना.

फोन ठेवल्यावर अंकिताचा पारा चढला होता. "त्या सेंटरवालीनं घोळ घातला आत्याबाई. मी उद्याच जाते आणि विचारते तिला."

"आता काय उपेग? पुसलं म्हनली ती."

"मग पुसायच्या आधी विचारायचं नाही का? ह्यांनी सगळ्या पलटणीसमोर... मी जाणारच."

रात्रभर बनुबाई या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी म्हणाली, "म्याबी येते." सेंटर बंद असलं तर बरं, असं ती वडापच्या जीपमध्ये सगळी वाट घोकत होती. सेंटर उघडं होतं. फॉर्म भरायला आलेली तीन-चार माणसं बाकावर बसली होती. अंकितानं वीरूला सासूच्या कडेवर दिलं आणि सरळ क्रांतीच्या टेबलापुढं उभी राहिली.

"आमच्या लेकराचे फोटो कुठं घातलेस तू?"

क्रांतीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग मागं उभ्या बनुबाईकडं. ओळख पटायला वेळ लागला नाही. आता ही सगळं सांगणार, बनुबाईला वाटलं. पण ती मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, कॉम्प्युटरात असतील अजून. मी इथलं लगेच काढत नाही. बघते, थांबा."

"असतील म्हणजे? आणि सीडीत का नाही टाकले? केक आणि फुगे पाठवलेस फौजेत! बापानं पोराचं तोंड बघितलेलं नाही दहा महिने. काम जमत नसेल तर दुकान कशाला थाटायचं?"

बाकावरची माणसं टकामका बघायला लागली. क्रांतीचे कान लाल झाले. ती मान खाली घालून फायली शोधत होती. अंकिताचं तोंड थांबेना. दोष नसताना ही पोर का ऐकून घेतेय, हे बनुबाईला कळेना. वीरूला सावरत ती पुढं झाली.

"तिला बोलू नगंस," ती म्हणाली. "म्या सांगितलं हुतं तिला."

अंकिता वळली. "काय सांगितलं होतं?"

"तुजी आय आसल्यालं काडाय. आन् कॅमेऱ्यातलं पुसाय."

नेमकं तेव्हाच क्रांतीला ते पाकीट सापडलं आणि तिचं बोट जिथं पडलं तोच फोटो पडदाभर उघडला. पुढं केलेले हात, रडणारं पोर, मुठीत धरलेला पदर. अंकितानं तो नीट पाहिला. मग तिनं स्टूल ओढलं, बसली आणि पुढचे सगळे फोटो स्वतः एकेक करून पाहिले. सासूकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

"सगळे टाका सीडीवर," ती क्रांतीला म्हणाली. आवाज उतरला होता. मग फोटो मागं नेत तिनं त्या रडण्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा एक सोडून."

"का?" बनुबाई म्हणाली. "त्योबी टाक."

"आत्याबाई, कशाला उगाच..."

"तोंड उघडंय त्येचं. दोन दात दिसत्यात बग. त्यो इचारत हुता." तिनं त्या दातांवर बोट टेकवलं. "टाक म्हनते न्हवं मी."

क्रांतीनं तो टाकला. निघताना अंकिता तिला "मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणाली आणि क्रांती "असू द्या ताई" म्हणाली. सीडी पोस्टानं रवाना झाली.

अंकिता सासूशी दोन-तीन दिवस कामापुरतं बोलली. भाजी काय करू, म्हशीला पाणी दाखवलं का, एवढंच. बनुबाईनंही मनधरणी केली नाही, तिला ती येतच नव्हती. तिनं फक्त सुनेच्या वाटणीचं पाणी परस्पर भरून ठेवलं. जोतीरामला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं, पण तो शहाणा माणूस होता, भाताच्या खळ्यावर जाऊन बसला.

मग एका सकाळी रंगुबाईचा फोन आला. बनुबाई अंगणात वीरूला घेऊन उभी होती आणि कान दाराकडं होते. आता अंकिता सगळं सांगणार, उद्या कडेगावच्या गल्लीत आपला तमाशा होणार. पण अंकिता थंडीबद्दल बोलली, भावाच्या सोयरिकीबद्दल बोलली. फोटोंचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "सीडी खराब निघाली होती गं आई, दुसरी पाठवलीय."

बनुबाई दारात आली. "दे इकडं," ती म्हणाली.

अंकितानं क्षणभर बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"ईनबाई, भाताची झोडनी उरकत आली आमची. आता पाऊस न्हाई, वल न्हाई. चार दिस ऱ्हायला या."

पलीकडून रंगुबाईचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "येते की. पर ईनबाई, वीरू वळखतो का वो मला अजून? लय दिस झालं. इसारला तर न्हाई?"

बनुबाईच्या कडेवरचा वीरू तिच्या गळ्यातलं डोरलं ओढत होता. जिभेवर एक चांगलं धारदार उत्तर येऊन बसलं होतं, सवय होईल, असं. ते तिनं गिळलं, पण गिळताना त्याची चव घ्यायची सोडली नाही.

"वळखंल की. तुमी या तर आदी," ती म्हणाली.

फोन ठेवून ती पुन्हा अंगणात गेली. कोवळं ऊन पडलं होतं, कोंबड्या खळ्याकडं पळत होत्या. तिनं वीरूला दुसऱ्या कडेवर घेतलं, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, "म्हन, आज्जी. आज्जी. म्हन बगू."

पाव्हणी यायच्या आत त्याला एवढं यायलाच पाहिजे होतं.